पीसीसाठी व्हीआर हेडसेट आणि हेडफोन: आधी मोजपट्टी, मग पाकीट

व्हीआर म्हणजे व्हर्च्युअल रिअॅलिटी, आणि तिचं आभासी जग दाखवणारा, डोळ्यांवर चढवायचा पडदा म्हणजे हेडसेट. तो घेताना होणारी पहिली चूक जवळजवळ ठरलेली असते. हेडसेट आधी घरी येतो आणि लॅपटॉपला त्याची केबल लागत नाही, हे नंतर कळतं. किंवा केबल लागते, पण चित्र धूसर दिसतं, कारण लेन्समधलं अंतर डोळ्यांना जुळत नाही. म्हणून मॉडेलच्या नावापासून सुरुवात करू नका. डोळे, पीसी, घरातलं वायफाय आणि खोली या क्रमाने मोजमाप करत गेलात, तर शेवटी दोन-तीनच हेडसेट उरतात. आवाजाची सोय हेडसेट निवडतानाच ठरवावी लागते, ती मागाहून जोडायची गोष्ट नाही. का ते पुढे येईल.

पहिली पायरी: दोन बाहुल्यांमधलं अंतर

याला आयपीडी म्हणतात. मिलिमीटरच्या खुणा असलेली पट्टी घ्या आणि आरशापासून वीतभर अंतरावर उभे राहा. पट्टी कपाळाला टेकवून भुवयांच्या रेषेत आडवी धरा. उजवा डोळा मिटा आणि पट्टीचा शून्य डाव्या बाहुलीच्या मधोमध आणा. आता मान आणि पट्टी न हलवता डावा मिटा, उजवा उघडा, आणि उजव्या बाहुलीच्या मध्यावर कुठला आकडा येतो तो वाचा. असं तीनदा करून सरासरी काढा. चष्म्याच्या दुकानात हाच आकडा दोन मिनिटांत काढून मिळतो. चष्मा असेल तर चष्मा बनवताना तो घेतलेलाच असतो, दुकानात विचारून घ्या. मोठ्या माणसांत सरासरी ६३ मिमीच्या आसपास येते.

हा आकडा इतका महत्त्वाचा का, ते दोन हेडसेट शेजारी ठेवले की कळतं. मेटा क्वेस्ट ३ ला खाली एक चाक आहे. ते फिरवलं की लेन्स हळूहळू सरकतात, म्हणजे ६०.५ असो की ६४, नेमकं जुळवता येतं. क्वेस्ट २ आणि क्वेस्ट ३एस मध्ये मात्र तीनच खाचा आहेत: ५८, ६३ आणि ६८. तुमचं अंतर ६३ असेल तर ३एस छान. ६०.५ असेल तर तुम्ही दोन खाचांच्या मधोमध लटकता. त्यात ३एस ची लेन्स जुन्या फ्रेनेल पद्धतीची, म्हणजे ज्या जागेतून स्पष्ट दिसतं ती जागा मुळातच लहान. पाऊण तासाने कपाळ दुखायला लागतं आणि माणूस समजतो, व्हीआर आपल्याला सोसत नाही.

चष्म्याबद्दल दोन गोष्टी. लांबचा नंबर असेल तर हेडसेटमध्येही चष्मा लागतो, कारण चित्र डोळ्याजवळ असलं तरी लेन्समुळे डोळा एक-दोन मीटरवर पाहिल्यासारखा फोकस करतो. याच कारणाने ज्यांना फक्त वाचायला चाळिशी लागते, त्यांना बहुधा आत काहीच लागत नाही. चष्म्याची काच हेडसेटच्या लेन्सला घासली तर लेन्सवर कायमचा चरा पडतो. नियमित खेळणार असाल तर आपल्या नंबरच्या, हेडसेटमध्ये चपखल बसणाऱ्या वेगळ्या लेन्स करून घ्याव्यात. त्यांचा खर्च पहिल्याच हिशेबात धरा.

दुसरी पायरी: पीसीच्या मागे वाकून बघा

आधी ग्राफिक्स कार्ड. २०२० साली आलेल्या ‘हाफ-लाइफ: अॅलिक्स’ या खेळाची किमान मागणी आजही चांगली खूण आहे: कोअर आय५-७५०० किंवा रायझन ५ १६०० प्रोसेसर, १२ जीबी रॅम आणि ६ जीबीचं जीटीएक्स १०६० किंवा आरएक्स ५८०. ही झाली खालची पायरी. नव्या हेडसेटसाठी आरटीएक्स ३०६० किंवा त्याच्या तोडीचं कार्ड असावं. विमानाचं किंवा मोटार रेसिंगचं सिम्युलेटर खेळायचं असेल तर त्याच्याही वर जावं लागतं.

एवढं कशाला, याचा हिशेब सोपा आहे. क्वेस्ट ३ मध्ये एका डोळ्याला २०६४ × २२०८ पिक्सेल. दोन डोळ्यांचे मिळून ९१ लाख होतात, तर फोर-के टीव्हीवर ८३ लाख असतात. लेन्सची वक्रता भरून काढायला कार्डाला प्रत्यक्षात याहून बरेच जास्त पिक्सेल आखावे लागतात. ९० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ९० चित्रं दाखवताना, प्रत्येक चित्रासाठी वेळ मिळतो फक्त ११.१ मिलिसेकंद. मॉनिटरवर एखादं चित्र चुकलं तर कुणाच्या लक्षातही येत नाही. हेडसेटमध्ये वारंवार चुकायला लागलं की पोटात ढवळतं.

लॅपटॉपवाल्यांनी इथे सावध राहावं. बजेटमधल्या गेमिंग लॅपटॉपमध्ये सर्रास मिळणारं जीटीएक्स १६५० कार्ड क्वेस्ट बनवणाऱ्या मेटा कंपनीच्या केबल-जोडणीसाठी अधिकृतपणे चालत नाही. डेस्कटॉपचं १६५० सुपर चालतं. नावात एका शब्दाचा फरक आहे, पण दुकानदार दोन्हीला ‘सोळाशेपन्नास’च म्हणतो. इंटेल आर्क कार्डंही मेटाच्या यादीत नाहीत.

मग पोर्ट. क्वेस्टसारखा हेडसेट यूएसबीने किंवा वायफायने जोडला जातो, त्यामुळे पीसीला चित्राचं वेगळं पोर्ट लागत नाही. व्हॉल्व्ह इंडेक्स आणि प्लेस्टेशन व्हीआर२ ला मात्र डिस्प्लेपोर्टच हवं. एचडीएमआयला लावायचा साधा अडॅप्टर इथे कामाचा नाही. लॅपटॉपच्या टाइप-सी मधून डिस्प्लेपोर्ट मिळतो खरा, पण बऱ्याच लॅपटॉपमध्ये ते पोर्ट मुख्य कार्डाला न जोडता प्रोसेसरमधल्या लहान ग्राफिक्सला जोडलेलं असतं. तपासायचं असेल तर त्या पोर्टला मॉनिटर लावा, एनव्हिडिया कंट्रोल पॅनेल उघडा आणि ‘फिजएक्स’च्या पानावरचं चित्र बघा. मॉनिटर तिथे एनव्हिडियाच्या चौकटीखाली दिसला तर ठीक. इंटेल किंवा एएमडीखाली दिसला तर डिस्प्लेपोर्टच्या हेडसेटचा नाद सोडा.

तिसरी पायरी: केबल की वायफाय

क्वेस्ट घेणाऱ्यांचं सगळ्यात जास्त घोडं इथेच पेंड खातं, म्हणून जरा थांबून बघू.

केबलने जोडायचं तर यूएसबी ३ ची, ५ गिगाबिट वेगाची टाइप-सी केबल हवी. फोनच्या चार्जिंगची केबल बसते, पण तिच्यात बहुतेकदा यूएसबी २ च्याच तारा असतात. साधी तांब्याची यूएसबी ३ केबल तीनएक मीटरपर्यंतच भरवशाची असते. पाच मीटर हवी असेल तर आत सिग्नल वाढवणारी चिप असलेली किंवा ऑप्टिकल केबल घ्या. कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टमध्ये न लावता मागे, थेट मदरबोर्डवरच्या पोर्टमध्ये लावा. मेटाच्या पीसी अॅपमध्ये यूएसबीचा वेग तपासायची सोय आहे, ती पहिल्याच दिवशी वापरा.

आणि एक तक्रार हमखास येते: ‘केबल लावूनही बॅटरी उतरते.’ साध्या टाइप-ए यूएसबी ३ पोर्टमधून नियमाप्रमाणे ५ व्होल्टला ९०० मिलिअँपिअर, म्हणजे साडेचार वॅट मिळतात. खेळताना हेडसेट त्याहून जास्त खातो. बॅटरी उतरणारच, फक्त हळू. चार्जर लावायला मधे वेगळं तोंड असलेली केबल घेतली की प्रश्न मिटतो.

बिनतारी खेळण्यासाठी स्टीम लिंक आणि मेटाचं एअर लिंक फुकट आहेत. व्हर्च्युअल डेस्कटॉप विकत घ्यावं लागतं, पण चित्राच्या दर्जाच्या बारीक सेटिंग्ज त्यात जास्त आहेत. तिन्हींची अट एकच: पीसी राउटरला लॅन केबलने जोडलेला, हेडसेट ५ गिगाहर्ट्झ किंवा त्यावरच्या वायफायवर, आणि राउटर त्याच खोलीत, तीन-चार मीटरवर. विटांच्या किंवा काँक्रीटच्या एका भिंतीपलीकडे ५ गिगाहर्ट्झचा जोर बराच ओसरतो. दिवाणखान्यात राउटर आणि बेडरूममध्ये हेडसेट हे गणित जमत नाही.

इंटरनेट किती एमबीपीएसचं आहे याचा इथे संबंध नाही. चित्र तुमच्या पीसीतून तुमच्याच राउटरमार्गे तुमच्याच डोक्यावर येतं. संबंध आहे तो राउटरच्या लॅन पोर्टचा. स्वस्तातल्या बऱ्याच ड्युअल-बँड राउटरवर ‘१२००’ असा मोठा आकडा छापलेला असतो आणि मागची पोर्टं १०० मेगाबिटचीच असतात. मग ऐन धावपळीत चित्राचे चौकोन व्हायला लागतात आणि दोष हेडसेटला मिळतो. विंडोज सेटिंग्जमध्ये नेटवर्क, मग इथरनेट उघडा आणि ‘लिंक स्पीड’ बघा. तिथे १०००/१००० दिसलं पाहिजे. राउटर गिगाबिट असूनही १००/१०० दिसत असेल तर लॅन केबल बदला. गिगाबिटला आतल्या चारही जोड्या लागतात, एखादी तार तुटली की वेग गुपचूप शंभरावर येतो.

घरातला राउटर हलवता येत नसेल तर गिगाबिट पोर्टांचा दुसरा राउटर घ्या. तो खेळण्याच्या खोलीत ‘अॅक्सेस पॉइंट’ मोडवर ठेवा, पीसी त्यालाच जोडा, आणि त्याच्या ५ गिगाहर्ट्झला वेगळं नाव देऊन त्यावर फक्त हेडसेट चढवा. घरातले फोन आणि टीव्ही जुन्या राउटरवरच राहू देत.

चौथी पायरी: खोली

उभं राहून, फिरून खेळायला सुमारे साडेसहा फूट बाय साडेसहा फूट मोकळी जागा हवी. बसून खेळायला खुर्चीभोवती हातभर पुरते. आपल्याकडे खरी गफलत वरच्या दिशेने होते. सीमारेषा आखताना सगळे जमिनीकडे बघतात आणि डोक्यावर पंखा फिरत असतो. कंट्रोलर हातात धरून हात पूर्ण वर करा, पात्यापासून वीतभरही अंतर राहत नसेल तर खेळायची जागा पंख्याखालून सरकवा. तोपर्यंत पंखा बंद.

क्वेस्टसारखे हेडसेट स्वतःच्या कॅमेऱ्यांनी खोली ओळखतात, त्यामुळे मोठा आरसा, चकचकीत कपाटाची काच किंवा मिट्ट काळोख असला की खेळात दिसणारे हात तरंगायला लागतात. ट्यूबलाइटखाली थरथर जाणवली तर हेडसेटच्या सेटिंग्जमध्ये ट्रॅकिंगची फ्रीक्वेन्सी ५० हर्ट्झ करा. आपली वीज ५० हर्ट्झची आहे.

पाचवी पायरी: आता हेडसेट

क्वेस्ट ३, २०२३ च्या ऑक्टोबरचा. वजन ५१५ ग्रॅम, पातळ पॅनकेक लेन्स, कडेपर्यंत स्पष्ट चित्र, १२० हर्ट्झपर्यंत वेग, आणि ३.५ मिमीचं हेडफोनचं पोर्ट. नवख्याने बाकी काही ठरत नसेल तर हा घ्यावा. सोबतचा कापडी पट्टा मात्र यथातथाच आहे. सगळं वजन गालांवर येतं. मागे टेकू असलेला कडक पट्टा घ्या, त्याने पडणारा फरक दुकानातल्या पाच मिनिटांत कळत नाही, घरी तासाभराने कळतो.

क्वेस्ट ३एस, २०२४ चा. प्रोसेसर तोच, पडदा क्वेस्ट २ चा, म्हणजे १८३२ × १९२०. स्वस्त आहे आणि वाईट नाही. पण तीन खाचा, आणि हेडफोनचं पोर्ट नाही. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा.

प्लेस्टेशन व्हीआर२ ला २०२४ च्या ऑगस्टपासून पीसीचा अडॅप्टर मिळतो. ओएलईडी पडदा, त्यामुळे काळोख खरोखर काळा. भयपट किंवा अवकाशाचे खेळ आवडत असतील तर ही जमेची बाजू मोठी आहे. पण पीसीवर एचडीआर, डोळ्यांचा माग आणि हेडसेटची थरथर चालत नाही. डिस्प्लेपोर्ट १.४ ची केबल अडॅप्टरसोबत येत नाही, वेगळी घ्यावी लागते. कंट्रोलर पीसीच्या ब्लूटूथवर चालतात, तिथे त्रास होतो. ब्लूटूथचा डाँगल कॅबिनेटमागे यूएसबी ३ पोर्टच्या शेजारी खोचला तर त्या पोर्टचा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झवर पडतो आणि कंट्रोलर अडखळतात. हातभर यूएसबी एक्स्टेन्शन लावून डाँगल टेबलावर, समोर दिसेल असा ठेवा.

व्हॉल्व्ह इंडेक्स २०१९ चा आहे. १४४० × १६०० पडदा आज उणा वाटतो आणि वजन ८०९ ग्रॅम. शिवाय खोलीच्या दोन कोपऱ्यांत, डोक्याच्या वर, वीज लागणारी दोन बेस स्टेशनं, म्हणजे हेडसेटची जागा ओळखायला मदत करणारी खोकी, बसवावी लागतात. त्याचा आवाज मात्र आजही ऐकण्यासारखा आहे, त्याबद्दल खाली.

एक पक्की मनाई. जुन्या बाजारात एचपी रिव्हर्ब जी२ किंवा विंडोज मिक्स्ड रिअॅलिटी या मायक्रोसॉफ्टच्या व्हीआर यंत्रणेवर चालणारे इतर हेडसेट आकर्षक भावात दिसतात. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टने ती यंत्रणाच काढून टाकली. स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानात ‘ओअॅसिस’ नावाचा मोफत ड्रायव्हर आहे, तोही फक्त एनव्हिडिया कार्डांवर चालतो. नवख्याने यात पडू नये.

परदेशातून कुणी आणून देणार असेल किंवा आयात केलेला माल घेणार असाल, तर वॉरंटीचं काम भारतात होईल का, हे पैसे देण्याआधी विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

सहावी पायरी: आवाज

उजवीकडून आलेला आवाज उजव्या कानाला आधी पोचतो आणि डाव्याला जास्तीत जास्त ०.६ ते ०.७ मिलिसेकंद उशिरा. डोक्याच्या आणि कानाच्या पाळीच्या आकारामुळे त्याचा पोतही थोडा बदलतो. एवढ्याशा फरकावरून मेंदू दिशा ओळखतो. व्हीआर खेळ हेच गणित करून दोन कानांसाठी दोन वेगळे आवाज बनवतात, आणि मान वळवली की ते लगेच बदलतात. म्हणून व्हीआरला साधा स्टीरिओ हेडफोनच हवा. ‘७.१ सराउंड’ छापलेल्या गेमिंग हेडफोनसाठी जादा पैसे मोजू नका, आणि तो आधीच घरात असेल तर त्याचं सराउंड बंद करा. विंडोजमध्ये साउंड सेटिंग्जमधून त्या उपकरणाच्या प्रॉपर्टीज उघडून ‘स्पेशियल साउंड’ ‘ऑफ’ करा. खेळाने एकदा दिशा दिलेल्या आवाजावर विंडोजने पुन्हा दिशा चढवली की मागची पावलं डोक्याच्या आत वाजू लागतात.

ब्लूटूथ इअरफोन घरोघरी आहेत, पण इथे नकोत. आवाज साधारण १५० ते २५० मिलिसेकंद मागे राहतो. धनुष्याची दोरी हातातून सुटते, बाण लागतो, आणि मग ‘टण्ण’ ऐकू येतं. वर, पीसीवर त्याच इअरफोनचा माइक चालू झाला की विंडोज फोन कॉलच्या पद्धतीवर जाते आणि आवाज एकदम रेडिओसारखा चपटा, एकसुरी होतो. इअरफोन बिघडला असं समजून लोक तो बदलून आणतात आणि पुन्हा तेच होतं.

मग काय घ्यावं, ते हेडसेटवर ठरतं.

क्वेस्ट ३ असेल तर ३.५ मिमीच्या पोर्टला तारेचे इअरफोन. १६ ते ३२ ओहम विद्युत रोधाचे घ्या, हेडसेटचा अॅम्प्लिफायर लहान असतो आणि जास्त ओहमचे हेडफोन त्यावर मिणमिणतात. सव्वा मीटरची तार गळ्यात लोंबते आणि कंट्रोलरमध्ये अडकते. ती गुंडाळून पट्ट्याच्या मागे वेल्क्रोने बांधा, किंवा फूटभर तारेचे खास व्हीआरचे इअरफोन घ्या. कानात घट्ट बसणाऱ्यांनी बाहेरचं काही ऐकू येत नाही. कुकरच्या शिट्ट्या मोजायची जबाबदारी तुमच्यावर असेल तर कॉस केएससी७५ सारखे, कानाच्या पाळीला अडकणारे हलके, उघडे हेडफोन बरे. ते ६० ओहमचे असल्याने आवाज थोडा वर न्यावा लागतो, तेवढं चालतं. पूर्ण कान झाकणारे २५०-३०० ग्रॅमचे हेडफोन टाळा. त्यांची कमान पट्ट्यावर अडते, आणि मेच्या उकाड्यात घामाने गाद्या ओल्या होतात.

क्वेस्ट ३एस असेल तर पेच पडतो. हेडफोन लावायला एकच टाइप-सी तोंड आहे, आणि पीसीची केबलही तिथेच लागते. म्हणजे पीसीला केबलने जोडणार असाल तर आवाज हेडसेटच्या स्पीकरचा. वायफायने खेळणार असाल तर टाइप-सीला हेडफोनचा छोटा डॅक, म्हणजे टाइप-सीतून हेडफोनचं पोर्ट काढून देणारा अडॅप्टर, लावा. चार्जिंगही हवं असेल तर चार्जिंग आणि आवाज दोन्ही देणारा वाय-अडॅप्टर. तिसरी वाट म्हणजे २.४ गिगाहर्ट्झ डाँगलचा बिनतारी हेडफोन थेट पीसीला जोडणं. यात आवाज चित्राच्या किंचित आधी येतो, पण ब्लूटूथसारखा खटकत नाही.

व्हीआर२ सोबत छोट्या तारेचे इअरफोन येतात आणि ते पुरतात. इंडेक्सचे स्पीकर कानाला न टेकता बाजूला तरंगतात. घाम नाही, दाब नाही आणि आवाज मोकळा, फक्त तो सगळ्या खोलीला ऐकू जातो.

जोडून झालं की पीसीवर व्हीआर खेळ चालवणाऱ्या स्टीमव्हीआर अॅपच्या सेटिंग्जमध्ये ‘ऑडिओ’ उघडा. आउटपुट आणि माइक दोन्ही नावानिशी निवडा, ‘डीफॉल्ट’वर सोडू नका. नाहीतर कधी मॉनिटरचे स्पीकर वाजतात, कधी मित्रांना तुमच्याऐवजी वेबकॅमच्या माइकमधून पंख्याची घरघर ऐकू येते. शेवटी डावा-उजवा तपासा: डोळे मिटा, खेळातला एखादा रेडिओ किंवा टपकणारं पाणी शोधून त्याकडे तोंड करा, आणि डोळे उघडा. पाठ करून उभे असाल तर इअरफोन उलटे घातलेत.

सातवी पायरी: परत करायची मुदत संपण्याआधी

पूर्ण काळा आणि पूर्ण पांढरा पडदा लावून अडकलेले पिक्सेल बघा. लेन्स टॉर्चखाली तिरकी धरून चरे बघा. दोन्ही कंट्रोलर टेबलावर ठेवून स्टिक आपोआप सरकते का बघा. हेडफोनचं जॅक पोर्टमध्ये हलकं फिरवून खरखर येते का ऐका. जुना हेडसेट असेल तर टाइप-सी केबल हलवून जोडणी तुटते का, हेही बघा.

पहिले काही दिवस वीस मिनिटांच्या वर खेळू नका. स्टिकने चालण्याऐवजी एका जागेवरून दुसऱ्या जागी उडी मारण्याचा पर्याय निवडा, आणि समोरून टेबलफॅन सोडा. वारा अंगावर घेतला की तोंड कुठे आहे याचं भानही राहतं. कपाळावर घाम आला आणि जांभया सुरू झाल्या की हेडसेट उतरवा. ‘जरा वेळाने बरं वाटेल’ असं होत नाही, पुढचे दोन तास वाया जातात.

थंड खोलीत लेन्सवर वाफ धरली तर हेडसेट दोन-तीन मिनिटं चालू ठेवा, काच गरम झाली की वाफ जाते. पुसायला फक्त कोरडं मायक्रोफायबर कापड वापरा, सॅनिटायझर किंवा कॉलिन अजिबात नाही. आणि खेळून झाल्यावर हेडसेट खिडकीपाशी किंवा गॅलरीजवळच्या टेबलावर लेन्स वर करून ठेवू नका. ऊन लेन्समधून आत शिरलं की भिंगाखाली कागद जळतो तसा पडद्यावर डाग पडतो, काही मिनिटांत. तो डाग वॉरंटीत बसत नाही.